बारा शब्द

नगरपालिकेच्या बाई म्हणाल्या, बारा शब्दांत बसवा.
पितळी पाटी लहान आहे,
आणि अक्षरामागे पैसे पडतात.

पणजोबा इथेल पेन्री
वेल्समधल्या खाणीतून निघून जहाजाने इथे उतरला,
खिशात कांद्याचं बी
आणि छातीत अर्धा शेर कोळसा घेऊन.
एवढ्यातच संपले की बारा.

पॅटागोनियाच्या या खोऱ्यात तेव्हा सावली नव्हती.
नदी होती, गढूळ, हट्टी,
कोणाकडे न बघता समुद्राकडे निघालेली.
त्याने आणि आणखी सात जणांनी
तीन हिवाळे कुदळीने पाट कापला.
पहिलं पाणी आलं ते माणसाच्या चालीने आलं,
असं घरात सांगतात,
आणि लोक त्याच्यापुढे उलट पावली चालत राहिले,
पाहुण्याला पाठ दाखवू नये म्हणून.

घरात असंही सांगतात
की त्यांना कुणीच काही शिकवलं नाही.

पण हिशेबाची वही आहे, उंदरांनी कडा खाल्लेली.
पीठ, खिळे, दोरखंड,
आणि दर शनिवारी एक ओळ:
तिला, दोन पाव.
कोण ती? आजी मोर्विद ते पान
बोटाला थुंकी न लावताच उलटायची.
एका जागी मात्र त्याची लेखणी सैल सुटली आहे.
'पुरात नदी कुठे वळते ते तिने दाखवलं.
तिथूनच खणायला घेतलं.'
म्हणजे पाट आधी तिने काढला,
ग्वानाकोच्या कातड्यातून हात बाहेर काढून,
बोटाने, हवेत.

पुढे सैन्य आलं.
वहीत पावांची ओळ थांबते.
खिळ्यांची चालू राहते.

मोठ्या पुरात प्रार्थनाघराचा हार्मोनियम वाहून गेला.
सहा मैलांवर विलोच्या फांदीत अडकलेला सापडला.
दुरुस्त केला, तरी त्याचा एक सूर
अजून ओला लागतो.
लहानपणी आम्ही त्या पट्टीवर बोट ठेवायला भांडायचो.
हे पाटीवर नको, मला कळतं.

पेन्री आडनावाचा शेवटचा माणूस, माझा भाचा एल्विओ,
तेलाच्या शहरात ट्रक चालवतो.
फोनवर म्हणतो, विकून टाक मावशी,
तिथे आता आहे काय, पॉपलर आणि वारा.
वरची जमीन मी तिकोनांना खंडाने दिली आहे.
बोलिव्हियाहून आले, पाच माणसं, एक गाढव,
पहिल्या वर्षी तंबूत राहिले.
गावात लोक त्यांना म्हणतात, 'ते नवीन.'
मी मनात म्हणते, आमचंही असंच
कुणीतरी म्हटलं असेल,
आम्हाला न कळणाऱ्या भाषेत.

गुरुवारी पहाटे तीनला पाण्याची पाळी.
कागद तसाच टेबलावर, त्यावर चहाच्या कपाचा गोल.
मी बूट चढवते, बॅटरी घेते,
डावा गुडघा थंडीत कुरकुरतो.
बांधावर फर्मिना तिकोना आधीच उभी,
फावडं खांद्यावर, तोंडातून वाफ.
विचारते, "पाणी आज आपलं ना?"

आमचं नाही म्हणाली, तुमचं नाही म्हणाली.

झडप गंजली आहे, पेन्रींच्या हाताची,
एकटीला उचलत नाही.
ती एका बाजूला, मी दुसऱ्या.
कुईं करून लोखंड सुटलं
आणि काळ्या सरीत पाणी शिरलं,
अजूनही माणसाच्या चालीने.

आम्ही दोघी मागे सरलो.
उलट पावली.
मला वाटलं मीच तशी चालले,
पण तीही.